बाँड्स बाहेर, फ्लडही बाहेर

बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक, म्हणजे ७६२ होम रन मारणारा माणूस बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानासाठी उभारलेल्या संग्रहालयात, नाही. डिसेंबर २०२५मध्ये बॅरी बाँड्सचं नाव पुन्हा एकदा सोळा जणांच्या समितीपुढे आलं. आत जायला बारा मतं लागतात. त्याला पाचही पडली नाहीत. त्याच बैठकीत जेफ केंट चौदा मतांनी निवडून आला. हा केंट सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये बाँड्सच्या मागोमाग फलंदाजीला यायचा. २००० साली तो एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला, त्यात पुढचा माणूस आधीच बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, जाऊन उभा असण्याचा वाटा काही थोडाथोडका नव्हता. २००२मध्ये या दोघांची भर सामन्यात डगआउटमध्ये जुंपली होती, ते वेगळंच. केंट उत्तम खेळाडू होता, त्याच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही.

बाँड्सला बाहेर ठेवण्याचं कारण जगजाहीर आहे: स्टेरॉइड. खेळाडूचं चारित्र्यही मोजलं पाहिजे, असं मतदारांचं म्हणणं. ठीक आहे, मोजा. पण चारित्र्य मोजायचं असेल तर खेळाडूंच्या हक्कासाठी कोर्टात गेलेला कर्ट फ्लड नावाचा माणूस केव्हाच आत असायला हवा होता. आणि मोजायचं नसेल, तर बाँड्स. दोघांनाही एकाच वेळी बाहेर ठेवणं कुठल्याच न्यायात बसत नाही, आणि हॉल ऑफ फेमने गेली अनेक वर्षं नेमकं तेच चालवलं आहे.

हा हॉल न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात आहे. तो तिथेच का? तर १८३९मध्ये ॲबनर डबलडे नावाच्या गृहस्थाने याच गावात बेसबॉलचा शोध लावला, अशी एक कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका समितीने अधिकृत करून टाकली म्हणून. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता आणि बेसबॉलशी त्याचा काही संबंध असल्याचा पुरावा नाही. पण गावात पर्यटक यायला हवे होते. सिंगर शिलाई मशीनच्या संपत्तीचे एक वारस गावात होते, त्यांनी पुढाकार घेतला आणि १९३९मध्ये हॉल उघडला. सचोटीचं हे देऊळ मुळात एका थापेवर उभं आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

निवडीची रीत अशी. किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झालेला खेळाडू आधी पत्रकारांच्या मतपत्रिकेवर येतो. बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेत दहा वर्षं काढलेल्यांना मत असतं. अलीकडे असे चारशेच्या आसपास मतदार मत देतात. एकाने जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करायची. ७५ टक्के मतं मिळाली की आत, ५ टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं गळालं, मधल्यांना दहा वर्षं वाट पाहायची मुभा. तिथे जमलं नाही तर पुढे या सोळा जणांच्या समित्या. कशाच्या आधारे मत द्यायचं, हे सांगणारा एक नियम १९४०च्या दशकापासून चालत आला आहे. त्यात खेळाडूची कामगिरी, क्षमता आणि संघासाठीचं योगदान यांच्याबरोबर तीन गोष्टी लिहिल्या आहेत: सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य. सगळी भांडणं या तीन शब्दांवरून आहेत.

बाँड्स काय चीज होती, हे बेसबॉल न पाहणाऱ्याला आकड्यांनी कळणं अवघड आहे. त्यापेक्षा २८ मे १९९८ची रात्र पाहू. मैदान फिनिक्सचं. ॲरिझोना डायमंडबॅक्स ८-६ने पुढे. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, आणि बॅट घेऊन बाँड्स आला. ॲरिझोनाचा मॅनेजर बक शोवॉल्टर याने पिचरला, म्हणजे आपल्या बोलरला, खूण केली: याला खेळवू नकोस, मुद्दाम चार बॉल बाहेर टाक आणि पहिला बेस फुकट देऊन टाक. बेस भरलेले असताना असं करणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक धाव आपल्या हाताने वाढणं. सामना हातातून निसटत असताना एखाद्या कर्णधाराने समोरचा फलंदाज पाहून बोलरला ‘वाइड टाक’ म्हणून सांगावं, तसा प्रकार. स्कोअर ८-७ झाला. पुढचा बॅटर ब्रेंट मेन याने चिवटपणे बॉल खेळून काढले आणि शेवटी उजवीकडे झेल दिला. ॲरिझोना जिंकली. शोवॉल्टरचा हिशेब बरोबर निघाला.

या तारखेला महत्त्व आहे. बाँड्सवरचे स्टेरॉइडचे आरोप १९९८च्या हंगामानंतरच्या काळाचे आहेत. तो हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर तीन एमव्हीपी, आठ गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार), ४११ होम रन आणि ४४५ चोरलेले बेस होते. चारशे-चारशेचा हा टप्पा त्याच्याआधी कोणीही गाठला नव्हता. म्हणजे तो माणूस त्या दिवशी निवृत्त झाला असता तरी पहिल्याच फेरीत आत गेला असता.

पुढे त्याने काही घेतलं नाही, असं मी म्हणणार नाही. २००३मध्ये ग्रँड ज्युरीसमोर त्याने जी साक्ष दिली, तिचा सारांश एवढाच की ट्रेनरने दिलेलं ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम आहे असं त्याला वाटत होतं. यावर विश्वास ठेवायला माणूस फारच भाबडा हवा. त्या साक्षीवरून त्याला २०११मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि २०१५मध्ये अपिलात ते रद्दही झालं. पण बेसबॉलने स्वतः त्याला एका दिवसाचीही शिक्षा कधी केली नाही. रॉजर क्लेमेन्सचंही तेच: ३५४ विजय, सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पुरस्कार सात, खोट्या साक्षीच्या खटल्यातून निर्दोष सुटका, आणि हॉलचं दार बंद.

आता जरा मागे जाऊ. १९९४च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, रद्द झाली आणि प्रेक्षक रुसले. १९९८च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात होम रनची शर्यत लागली, एकाने ७० मारले, दुसऱ्याने ६६, आणि स्टेडियम पुन्हा भरली. त्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या स्टीव्ह विल्स्टीन या पत्रकाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडिऑनची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये बंदी असलेलं ते द्रव्य बेसबॉलमध्ये तेव्हा चालत होतं. त्याने बातमी दिली. त्यावर काय झालं? ‘खेळाडूच्या लॉकरमध्ये डोकावतोस कशाला’ म्हणून त्यालाच झापण्यात आलं, आणि झापणाऱ्यांत त्याचे व्यवसायबंधूही होते. त्या वर्षी मूग गिळून बसलेली, किंवा टाळ्या पिटणारी हीच मंडळी पंधरा वर्षांनी मतपत्रिका हातात आल्यावर अचानक नीतिमान झाली.

खेळाच्या गादीवर तेव्हा कमिशनर बड सीलिग होते. शिक्षेची तरतूद असलेली चाचणी २००४मध्ये सुरू झाली. तोवरची सगळी गंमत त्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती आणि तिकिटांचा पैसा मालकांच्या खिशात जात होता. सीलिग २०१७मध्ये हॉलमध्ये दाखल झाले. चाचणी उशिरा येण्यात खेळाडूंच्या युनियनचाही हात होता, हे खरं. पण ज्याच्या कारकिर्दीत हे घडलं तो सन्माननीय आणि ज्यांनी केलं ते अस्पृश्य, ही वाटणी मला पटत नाही.

बाँड्सला पत्रकारांच्या मतपत्रिकेवर शेवटच्या, दहाव्या वर्षी, २०२२मध्ये ६६ टक्के मतं मिळाली. त्याच मतपत्रिकेवर डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच वर्षी ७७.९ टक्क्यांनी आत गेला. २००३च्या गुप्त चाचणीत ज्यांचे नमुने सदोष निघाले त्यांत ऑर्टिझचंही नाव असल्याची बातमी २००९मध्ये आली होती. त्याने ते नाकारलं, त्या चाचणीच्या विश्वासार्हतेबद्दल पुढे कमिशनरांनीही शंका व्यक्त केली, आणि त्याला संशयाचा फायदा मिळाला. मिळायलाच हवा होता. पण ऑर्टिझ दिलखुलास, हसतमुख, पत्रकारांचा लाडका. आणि बाँड्स पत्रकारांना दारातसुद्धा उभं न करणारा तुसडा माणूस. मत देणारे पत्रकार. फरक कुठून आला, हे सांगायला ज्योतिषी नको.

या गर्दीत भलत्याच लोकांचा बळी गेला, त्याची हळहळ मला जास्त वाटते. २०१३मध्ये बाँड्स, क्लेमेन्स आणि सोसा एकदम मतपत्रिकेवर आले. कोणी हट्टाने त्यांची नावं भरली, कोणी निषेध म्हणून काहीच भरलं नाही, आणि दहा नावांच्या मर्यादेत केनी लॉफ्टनसारखा सेंटर फील्डर ३.२ टक्क्यांवर गळाला. एकाच वर्षात. त्या वर्षी पत्रकारांना एकही खेळाडू निवडता आला नाही.

आता चारित्र्य. हॉलच्या भिंतीवर कॅप ॲन्सनची ब्राँझची पाटी आहे. एकोणिसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ हिटर, असा तिच्यावर गौरव आहे. याच ॲन्सनने १८८०च्या दशकात कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघांविरुद्ध उतरायला नकार देऊन खेळातली वर्णभेदाची भिंत उभारायला हातभार लावला, ते पाटीवर नाही. कमिशनर लँडिस यांची पाटी आहे. १९२० ते १९४४ या त्यांच्या सबंध कारकिर्दीत मेजर लीगमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च पातळीवर, एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. बोस्टन रेड सॉक्सचे मालक टॉम यॉकी आहेत. त्यांचा संघ कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सगळ्यात शेवटचा, १९५९मधला. चेंडूला बेकायदा ओल लावून कारकीर्द गाजवणारा पिचर गेलॉर्ड पेरी आहे, आणि त्याची लबाडी लोक अजून कौतुकाने सांगतात. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

या यादीतल्यांना बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. हे कलम आजवर फक्त वजाबाकीसाठी वापरलं गेलं, आणि तेही मतदारांच्या सोयीने, एवढंच मला दाखवायचं आहे. चारित्र्य हा निकष असेल तर त्याची बेरीजही व्हायला हवी. ती करायला घेतली की पहिलं नाव येतं कर्ट फ्लडचं.

फ्लड सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. सात वेळा गोल्ड ग्लव्ह. १९६६चा अख्खा हंगाम तो एकही चूक न करता खेळला. ऑक्टोबर १९६९मध्ये, बारा वर्षं त्या क्लबात काढल्यावर, त्याला कळवण्यात आलं की तुला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं आहे. विचारण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक करारात ‘रिझर्व क्लॉज’ नावाचं कलम असायचं, त्याच्या जोरावर क्लब खेळाडूचा करार वर्षानुवर्षं एकतर्फी वाढवत राही. क्लबाने ठेवलं तर राहायचं, विकलं तर जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. चौथा पर्याय नव्हता.

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. मेजर लीगमध्ये बारा वर्षं काढल्यावर, माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मालमत्ता मी आहे असं मला वाटत नाही, असं त्यात होतं. इतर क्लबांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा मला हक्क आहे, ते त्यांना कळवा. कून यांनी नकार दिला. फ्लड कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारा गुलाम कसला, असं टीव्हीवर त्याला विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला की चांगला पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो.

१९७०मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला चालला. जॅकी रॉबिन्सन आला, त्याने फ्लडच्या बाजूने साक्ष दिली. हँक ग्रीनबर्ग आला. दोघंही केव्हाच निवृत्त झालेले. खेळणाऱ्यांपैकी एकही जण कोर्टात येऊन बसला नाही. ज्यांच्यासाठी तो लढत होता त्यांच्या नोकऱ्या मालकांच्या हातात होत्या, त्यांना दोष देणं सोपं आहे; मी देणार नाही. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५-३ने हरला. मधल्या काळात त्याने एक हंगाम घरी बसून काढला, १९७१मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून पाहिले, आणि मग सगळं सोडून देश सोडला. वय तेव्हा तेहतीस.

१९७५च्या डिसेंबरमध्ये पीटर साइट्झ या लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर निकाल देताना रिझर्व क्लॉजचा कणा मोडला. ती लढाई लढवणारी युनियन फ्लडच्या खटल्याने एकवटली आणि शहाणी झाली होती. २०२४च्या डिसेंबरमध्ये हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. आपला क्लब आपण निवडण्याचा जो हक्क सोटोने वापरला, तोच फ्लडने त्या पत्रात मागितला होता.

हॉलने काय केलं? त्या खटल्याचं नाव फ्लड विरुद्ध कून. डिसेंबर २००७मध्ये समितीने बोवी कून यांना निवडून दिलं. त्याच मतदानात खेळाडूंच्या युनियनचे नेते मार्व्हिन मिलर यांना बारापैकी तीन मतं पडली. बारापैकी बरीच मंडळी क्लबांच्या कार्यालयांतली होती. मिलर इतके वैतागले की पुढच्या वर्षी त्यांनी ‘माझं नाव यादीत घेऊ नका’ असं लिहून कळवलं. ते २०१२मध्ये गेले, आणि २०१९मध्ये त्यांची निवड झाली. बैल गेला अन् झोपा केला. फ्लड १९९७मध्ये गेला. त्याला पत्रकारांकडून मिळालेली सर्वाधिक मतं १५.१ टक्के. २०२०मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या शंभराहून अधिक सदस्यांनी त्याच्यासाठी हॉलला पत्र लिहिलं, तरी वादी अजून बाहेरच आहे आणि प्रतिवादी भिंतीवर.

यावर आकडेवाले म्हणतात की १,८६१ हिट आणि .२९३ची सरासरी हॉलच्या मापाला कमी पडते. पडते, मान्य. पण एकतिसाव्या वर्षानंतर ते तेरा सामने सोडले तर तो खेळला नाही, ते खेळ संपला म्हणून नव्हे. आणि आकडेच मोजायचे असतील तर मग बाँड्सच्या बाबतीत आकडे का चालत नाहीत? शिवाय याच समित्यांनी २०१८मध्ये हॅरल्ड बेन्सला निवडलं होतं. पत्रकारांनी त्याला कधी साडेसहा टक्केही दिले नव्हते. समितीत त्याचा जुना मॅनेजर आणि त्याच्या क्लबाचा मालक बसले होते. बेन्स सभ्य आणि चांगला हिटर होता. पण तिथे आकड्यांची शिस्त कुठे गेली होती?

राहिला पीट रोझ, ज्याच्याशिवाय ही चर्चा कोणी संपूच देत नाही. ४,२५६ हिट, आजही विक्रम. मॅनेजर असताना स्वतःच्या संघावर पैसे लावल्याबद्दल १९८९मध्ये कायमची बंदी. पंधरा वर्षं त्याने साफ नाकारलं, २००४मध्ये कबूल केलं, ३० सप्टेंबर २०२४ला तो गेला. मे २०२५मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की बंदी माणसाबरोबर संपते, आणि रोझसह सतरा मृत व्यक्तींची नावं त्या यादीतून निघाली. १९१९च्या सामना-निश्चितीच्या प्रकरणात बंदी आलेला शूलेस जो जॅक्सनही त्यांत आहे. त्याआधी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी रोझसाठी जाहीरपणे जोर लावला होता आणि मॅनफ्रेड त्यांना भेटूनही आले होते.

बाँड्सला मत देणारा मी, रोझला देणार नाही. हा दुटप्पीपणा वाटू शकतो, म्हणून सांगतो. जुगाराला बंदी हा चारित्र्याचा प्रश्नच नाही. तो नियम प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो आणि त्याची शिक्षाही तिथेच लिहिलेली असते. स्टेरॉइड घेणारा जिंकण्यासाठी घेतो, सामना खरा राहतो, जरी वाकडा झाला तरी. मॅनेजरने आज आपल्या संघावर पैसे लावले आणि उद्या लावले नाहीत, तर उद्याबद्दल बुकीला फुकटची बातमी मिळते. आणि आज जिंकायचंच म्हणून दमलेल्या पिचरला पुन्हा उतरवण्याचा मोह होतो. ‘मी कधी आमच्याविरुद्ध पैसे लावले नाहीत’ हा रोझचा बचाव म्हणूनच मला पोकळ वाटतो. त्याच्या बॅट, बूट संग्रहालयात आहेत, तिथेच शोभतात.

त्या संग्रहालयात बाँड्सच्या ७५६व्या होम रनचा चेंडूही आहे, ज्याने २००७मध्ये हँक आरनचा विक्रम मोडला. एका फॅशन डिझायनरने तो साडेसात लाख डॉलरला विकत घेतला, त्याचं काय करायचं यावर इंटरनेटवर मतं मागवली, आणि लोकांच्या कौलानुसार त्याच्या कातड्यावर विक्रमाबद्दल शंका दाखवणारी एक तारांकित खूण कोरून तो हॉलला देऊन टाकला. मला ती खूण आवडत नाही, पण त्यातली रीत आवडते. पाटी लावा आणि तिच्यावर दोन ओळी जास्त लिहा. बाँड्सच्या पाटीवर खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेचं नाव घाला, सीलिगच्या पाटीवरही घाला. ॲन्सनच्या पाटीत तर जागा आहेच.

ते इतक्यात होणार नाही. नव्या नियमानुसार समितीत पाच मतं न मिळालेल्याचं नाव पुढच्या फेरीत येत नाही, म्हणजे २०२८मध्ये बाँड्सचा विचारही होणार नाही. त्याआधी डिसेंबर २०२७मध्ये मात्र १९८०पूर्वीच्या काळासाठीची समिती बसेल. तिच्यापुढे आठ नावं जातात. रोझचा विचार याच समितीपुढे व्हायचा आहे, आणि वर्तमानपत्रं महिनाभर त्याच्याशिवाय दुसरं काही छापणार नाहीत. फ्लडही याच काळातला. यादी समिती ठरवत नाही. ती पत्रकारांच्या संघटनेने नेमलेले काही इतिहासाचे जाणकार ठरवतात. म्हणजे पहिला प्रश्न त्या सोळा जणांना नाही, या जाणकारांना विचारायचा आहे: आठांत एक जागा फ्लडसाठी ठेवणार आहात का?